मातीत हात घालणारे पीट आजोबा

दूरदर्शनच्या पडद्यावर एक पांढऱ्या केसांचे, चष्मा लावलेले आजोबा दिसतायत. हातात खुरपं नाही, हातमोजे नाहीत. दोन्ही हात कोपरापर्यंत खताच्या ढिगात! एक मूठ खत उचलून ते नाकाशी नेतात, डोळे मिटून वास घेतात आणि जणू काही आंबा बर्फीचं ताट समोर आलंय अशा आनंदाने हसतात. मग भराभर बोलत, हात उडवत ते वाफ्यात कोबीची रोपं लावतात. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून दर आठवड्याला ठरलेलं एक वाक्य म्हणतात, ‘दॅट्स युवर ब्लूमिन लॉट!’ म्हणजे, ‘चला, या आठवड्याचं एवढंच बरं का!’

यात गंमत अशी, की इंग्रजीत ‘ब्लूमिंग’ म्हणजे फुलणारं, बहरणारं. आणि साध्या बोलीभाषेत तोच शब्द आपल्या ‘मेलं’ किंवा ‘लेकाचं’सारखा लटक्या रागाने वापरतात. बागेच्या कार्यक्रमाला याहून चांगला निरोप कुठला असणार?

हे आजोबा म्हणजे पीटर कंडल. सगळं ऑस्ट्रेलिया त्यांना ‘पीट’ म्हणायचं. ‘गार्डनिंग ऑस्ट्रेलिया’ हा तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम १९९० साली सुरू झाला आणि २००८ सालापर्यंत, म्हणजे तब्बल १८ वर्षं, पीट त्याचा चेहरा होते. कार्यक्रम सोडला तेव्हा त्यांचं वय होतं ८१! ५ डिसेंबर २०२१ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, ‘बागेवरचा कार्यक्रम करणारे आजोबा. त्यात एवढं काय?’ थांबा, दोस्तांनो. बाग ही पीट आजोबांच्या गोष्टीची फक्त एक बाजू आहे. दुसऱ्या बाजूला बाँब आहेत, तुरुंग आहे, युद्ध आहे आणि ८२व्या वर्षी झालेली अटकसुद्धा आहे. आणि या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आहेत.

बाँबच्या खाली माणसं, वर भाजी

पीटर कंडल यांचा जन्म १ एप्रिल १९२७चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरातला. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. धुराची धुरांडी, काळवंडलेल्या विटांच्या भिंती आणि एकमेकांना खेटून उभी असलेली कामगारांची घरं. पीट दोन-तीन वर्षांचा असतानाच जगभर मंदीची लाट आली. कारखाने बंद पडले, लाखो माणसं बेकार झाली. कंडल कुटुंब आधीच गरीब, त्यात हा फटका. पोटभर जेवण ही त्या घरात गृहीत धरायची गोष्ट नव्हती.

पीट बारा वर्षांचा असताना, सप्टेंबर १९३९मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू झालं. जर्मन विमानं आपल्या शहरांवर बाँब टाकणार याची इंग्लंडला खात्री होती. म्हणून सरकारने घरोघरी पत्र्याची आसरागृहं वाटली. घरामागे खड्डा खणायचा, त्यात नालीदार पोलादी पत्र्यांची कमान उभी करायची आणि तिच्यावर निदान १५ इंच माती टाकायची. भोंगा वाजला, की सगळ्यांनी आत शिरून बसायचं. मँचेस्टरवर १९४०च्या नाताळच्या तोंडावर सलग दोन रात्री भयंकर बाँबवर्षाव झाला. अशा रात्री या पत्र्याच्या कमानींनी कितीतरी जीव वाचवले.

पण दुसरं एक संकट होतं. ते म्हणजे भुकेचं. इंग्लंड आपलं बरंचसं अन्न जहाजांनी बाहेरून मागवायचं आणि शत्रूच्या पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. १९४०च्या जानेवारीपासून शिधावाटप सुरू झालं. लोणी, साखर, मांस, सगळं मोजूनमापून. सरकारने लोकांना हाक दिली, ‘जिंकायचंय ना? मग खणा!’ हिरवळी खणल्या गेल्या, बागा खणल्या गेल्या. मुलांसाठी भित्तिपत्रकांवर चित्रातला एक गमत्या बटाटा आला. त्याचं नाव ‘पोटॅटो पीट’!

आणि घरामागच्या त्या आसरागृहांवर टाकलेली माती? ती तरी रिकामी का ठेवायची? लोकांनी तिच्यावर भाज्या लावल्या. खाली माणसं जीव मुठीत धरून बसलेली आणि वर कोबी वाढतोय, असं ते चित्र होतं. आपल्या या दुसऱ्या पीटचा, खऱ्या पीटचा, भाजीच्या वाफ्याशी संबंध आला तो अशाच एका आसरागृहाच्या माथ्यावर.

बाग म्हणजे श्रीमंतांच्या बंगल्यापुढची फुलं, असं त्याला कधीच वाटलं नाही, याचं कारण हे आहे. त्याच्यासाठी बाग म्हणजे जेवण. बाग म्हणजे उद्याही आपण असू, हा भरवसा. कारण कोबीला तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. आज रात्री बाँब पडेल की काय अशी धास्ती असताना कोबीचं रोप लावणं, ही साधी गोष्ट नाही!

हातात बंदूक, डोक्यात बाग

पीट मोठा झाला तसा लष्करात गेला. विमानातून हवाई छत्रीने उडी मारणाऱ्या सैनिकांच्या पथकात त्याची निवड झाली. युद्ध संपल्यावर युरोप नुसता ढिगाऱ्यांचा झाला होता. त्या दिवसांत पीट ऑस्ट्रियातून सीमा ओलांडून युगोस्लाव्हियात शिरला आणि पकडला गेला. ‘हा हेर आहे’ असा तिथल्या सरकारला संशय आला. झालं! पोराची रवानगी थेट तुरुंगात. सुमारे सहा महिन्यांनी त्याची सुटका झाली.

पुढे १९५०मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती झाला. त्याला ऑस्ट्रेलियात जाऊन राहायचं होतं आणि खिशात पैसे नव्हते. सैन्यात गेलं तर प्रवास फुकट! पण त्याच वर्षी कोरियात युद्ध पेटलं आणि पीटच्या हातात मशीनगन आली. कोरियातला हिवाळा म्हणजे हाडं गोठवणारी थंडी, त्यात समोर शत्रू.

या सगळ्यातून तो जिवंत परतला आणि एका गोष्टीबद्दल त्याचं मत कायमचं पक्कं झालं. युद्ध नको. पुढचं सगळं आयुष्य त्याने शांततेच्या चळवळीत भाग घेतला. व्हिएतनामच्या युद्धाला त्याने उघड विरोध केला. एकेकाळच्या सैनिकाने असं बोलावं हे पुष्कळांना आवडलं नाही. पण पीट बोलायचा थांबला नाही.

सफरचंदांच्या बेटावर

ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढा बरं. अगदी खाली, दक्षिणेला, मुख्य भूमीपासून तुटलेलं एक बेट दिसेल. बदामाच्या आकाराचं. ते टास्मानिया. डच दर्यावर्दी आबेल तास्मान १६४२मध्ये तिथे पोचला, त्याच्यावरून हे नाव. आपल्या महाराष्ट्राच्या पावपटीहूनही लहान असलेल्या या बेटावर हिमाचे डोंगर आहेत, अफाट जुनी जंगलं आहेत आणि सफरचंदांच्या एवढ्या बागा, की त्याला ‘सफरचंदांचं बेट’च म्हणतात. हवा थंड, बरीचशी इंग्लंडसारखी.

पीट इथे रमला. बेटाच्या उत्तरेकडच्या लॉन्सेस्टन शहरात त्याने लोकांच्या बागा करून द्यायचा धंदा सुरू केला. कुदळ, फावडं आणि छाटणीची कात्री हीच त्याची मिळकत. कुणाच्या अंगणातल्या दगडगोट्यांची बाग बनव, कुणाची वेडीवाकडी वाढलेली सफरचंदाची झाडं छाटून दे, कुणाच्या पडीक जागेत वाफे पाड. पुस्तकातून शिकलेलं आणि हाताने केलेलं यातला फरक त्याला रोज कळत होता.

१९६७ साली लॉन्सेस्टनच्या रेडिओवर एक वेगळाच कार्यक्रम सुरू झाला. बागेबद्दलच्या अडचणी विचारायला लोकांनी थेट फोन करायचा आणि पीटने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण त्या काळी श्रोत्याने रेडिओवर बोलायचं ही कल्पनाच नवी होती. बागेवरचा असा फोनचा कार्यक्रम जगातल्या अगदी पहिल्यावहिल्यांपैकी एक मानला जातो.

असे कार्यक्रम ऐकलेत तर तुमच्या लक्षात येईल, की प्रश्न जगभर सारखेच असतात. लिंबाची पानं पिवळी का पडली? गुलाबाला कळ्या का येत नाहीत? टोमॅटो खालच्या बाजूने काळा का पडतो?

हा टोमॅटोचाच प्रश्न घ्या ना. कितीतरी लोकांना वाटतं, रोग आला, औषध मारा! खरं कारण निराळं असतं. फळ वाढताना त्याला कॅल्शियम लागतं आणि ते मुळांकडून पाण्याबरोबरच वर चढतं. दोन दिवस झाड कोरडं ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं, की हा पुरवठा अडखळतो. फळाचं टोक, म्हणजे देठापासून सगळ्यात लांबचा भाग, उपाशी राहतो आणि काळा पडतो. उपाय काय? रोज बेताचं पाणी आणि बुंध्याशी पाल्याचं जाड पांघरूण. बास! दुकानात जायची गरजच नाही.

पीट यांचं सगळं शिकवणं याच जातीचं होतं. झाडाला काय झालंय हे आधी बघा. माती हातात घेऊन बघा. घरात काय आहे ते बघा. विकत घ्यायची वस्तू सगळ्यात शेवटी.

दूरदर्शनवरचा वाफा

रेडिओपाठोपाठ १९६९मध्ये पीट टास्मानियातल्या दूरचित्रवाणीवर दिसू लागले. आणि मग आलं ते १९९०चं ‘गार्डनिंग ऑस्ट्रेलिया’. आता सारा देश त्यांना ओळखू लागला.

टास्मानियाची राजधानी होबार्ट. तिथे १८१८ साली स्थापन झालेलं एक जुनं वनस्पती उद्यान आहे. या उद्यानात या कार्यक्रमासाठी भाज्यांचा एक तुकडा तयार केला गेला. नाव साधंच, ‘पीट्स पॅच’, म्हणजे पीटचा वाफा. ज्या उद्यानात लोक दुर्मीळ झाडं आणि देशोदेशीची फुलं बघायला येतात, तिथे लोक चक्क बटाटे, वाटाणे आणि कांदे बघायला थांबू लागले!

तिथले ऋतू आपल्या उलटे, हे विसरू नका हं. आपण डिसेंबरात स्वेटर काढतो तेव्हा तिथे उन्हाळा असतो आणि आपल्या मे-जूनच्या घामाच्या दिवसांत तिथे थंडी पडते. होबार्टमध्ये एक ठरलेला रिवाज आहे. ऑक्टोबरच्या शेवटी शहरात शेतीचं मोठं प्रदर्शन भरतं, त्या दिवसाची सुट्टी असते. टोमॅटोची रोपं जमिनीत लावायची ती या सुट्टीच्या सुमाराला. त्याआधी लावली तर रात्रीच्या दहिवराने आणि गारठ्याने जळतात. आपल्याकडे मृगाचा पाऊस आणि पेरणी यांचं जे नातं, तसंच हे. बागेचं वेळापत्रक शहराच्या सणावारात मिसळून गेलेलं.

पडद्यावरचे पीट कधी शाळेतल्या गुरुजींसारखे वागायचे नाहीत. ते आपल्या मँचेस्टरच्या ठसक्यात भराभर बोलायचे, मध्येच स्वतःच हसायचे. सफरचंदाच्या झाडाची छाटणी दाखवताना कात्री अशी सपासप चालायची, की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. ‘अहो, झाड मरेल!’ असं वाटावं. पण झाड मरत नाही. कारण छाटणीमागे विचार असतो. आतल्या फांद्या काढल्या, की मधोमध ऊन पोचतं, वारा खेळतो. ओल साचून बुरशी धरत नाही. झाडाची ताकद नुसत्या फांद्या वाढवण्यात जात नाही, ती फळांत उतरते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की कात्री हातात धरायचं भय जातं.

भय घालवणं! हेच तर त्यांचं खरं काम. ‘मला जमणार नाही’, ‘माझ्या हाताला झाड लागत नाही’, असं म्हणणारी लाखो माणसं असतात. पीट यांना बघून त्यातल्या कितीतरी जणांनी घरामागची हिरवळ उकरली आणि पहिल्यांदा आयुष्यात गाजर उपटून काढलं. आपण स्वतः लावलेलं गाजर मातीतून सटकन बाहेर येतं, तेव्हाचा आनंद कुठल्याही बाजारात मिळत नाही!

खताच्या ढिगातली भट्टी

पीट आजोबांचं सगळ्यात आवडतं दैवत कोण? तर खताचा ढीग! त्यांना खताबद्दल बोलताना बघणं हीच एक करमणूक होती.

खत तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं, ठाऊक आहे? एका चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांना जेवायला दोन प्रकारचे पदार्थ लागतात. एक, ओला हिरवा माल: भाजीची देठं, फळांच्या साली, ताजं गवत, शेण. यातून त्यांना नायट्रोजन मिळतो. दुसरा, सुका तपकिरी माल: वाळलेली पानं, काड, लाकडाचा भुसा, कागद. यातून कार्बन मिळतो. दोन्हींचे थर एकाआड एक घातले, थोडं पाणी शिंपडलं आणि हवा खेळती ठेवली, की जिवाणूंची पंगत बसते. ते इतक्या झपाट्याने खातात आणि वाढतात, की ढीग तापतो. मोठ्या ढिगाचं तापमान ६० अंशांपर्यंत चढतं! हात घालाल तर चटका बसेल. या उष्णतेने तणांचं बीही बरंचसं मरतं.

जिवाणूंचं काम झालं, ढीग निवला, की गांडुळं येतात. ती माल गिळतात आणि पलीकडून बारीक, काळीशार, मोकळी माती बाहेर टाकतात. अशा तयार खताला घाण वास येत नाही. त्याला येतो पहिल्या पावसानंतरच्या जंगलाचा वास. म्हणूनच पीट आजोबा मूठभर खत नाकाशी नेऊन खूश व्हायचे. वास चांगला तर खत तयार. वास सडका तर आत हवा कमी आणि ओल जास्त. नाक हेच यंत्र!

आणि विषारी फवारे? त्यांच्या ते सक्त विरोधात होते. आज सगळीकडे ‘सेंद्रिय, सेंद्रिय’ म्हणून दुकानांत पाट्या लागतात. पण पीट जेव्हा हे बोलू लागले तेव्हा रासायनिक फवारा म्हणजेच प्रगती, असं मानणारेच जास्त होते. पीट यांचं म्हणणं सरळ होतं. माती जिवंत आहे. तिच्यात विष ओतलं, की कीड मरते, पण तिच्याबरोबर किडीला खाणारे किडेही मरतात, मातीतले जिवाणू आणि गांडुळं मरतात. पुढच्या वेळी कीड परत येते आणि तिला अडवायला कुणीच उरत नाही. मातीचं पोट भरा, माती झाडाचं पोट भरेल.

जागा बदलत राहण्यावरही त्यांचा भर असायचा. यंदा जिथे कोबी, तिथे पुढच्या खेपेला वाटाणा. वाटाण्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून मुळांना देतात. आपले शेतकरी ज्वारीत तूर का घेतात किंवा हरभऱ्यानंतर जमीन का सुधारते, याचं उत्तरही या गाठींतच आहे.

आजोबांना अटक!

आता ती अटकेची गोष्ट. पीट आजोबा टास्मानियाच्या उत्तरेला टेमार नदीच्या खोऱ्यात राहायचे. हिरवंगार, द्राक्षमळ्यांचं, बागांचं खोरं. तिथे एका बड्या लाकूड कंपनीने कागदाच्या लगद्याचा प्रचंड कारखाना उभारायचं ठरवलं. २००७मध्ये सरकारची मंजुरीही मिळाली. कारखान्यामुळे नोकऱ्या मिळतील, असं एका बाजूचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. गावांत नोकऱ्यांची गरज होतीच. दुसऱ्या बाजूची माणसं विचारत होती, की जंगलातली झाडं किती पडणार? खोऱ्यातली हवा कशी राहील? रोजचं सांडपाणी समुद्रात सोडणार, त्याने माशांचं काय होणार? आणि कारखान्याची नीट तपासणी होण्याआधी घाईने कायदा का केला?

विचार करा. पीट कंडल म्हणजे घराघरातले लाडके आजोबा. २००७मध्येच त्यांना ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा राष्ट्रीय सन्मान मिळालेला, बागकामासाठी आणि टास्मानियाच्या निसर्गाचं रक्षण करण्यासाठी. गप्प बसले असते तर सगळे त्यांना गोडच म्हणत राहिले असते. या भांडणात उतरलं, की निम्मे लोक रागावणार हे त्यांना कळत होतं.

तरी ते उतरले. नोव्हेंबर २००९मध्ये होबार्टच्या संसदभवनाबाहेर निदर्शनं झाली. पोलिसांनी सांगितलं, ‘इथून हला.’ ८२ वर्षांचे पीट हलले नाहीत. त्यांच्याबरोबरचे बरेच जणही हलले नाहीत. शांतपणे, कुणावर हात न उगारता ते उभे राहिले आणि पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. तरुणपणीच्या त्या तुरुंगानंतर हा माणूस आता पुन्हा पकडला गेला. तेव्हा संशयावरून, या वेळी स्वतःच्या इच्छेने!

तो कारखाना पुढे झालाच नाही. कंपनीला पैसे उभे करता आले नाहीत आणि २०१२मध्ये तीच कोसळली. त्यामागे बाजाराची कारणं होती, लोकांचा विरोधही होता. एकट्या पीट आजोबांनी कारखाना थांबवला, असं म्हणणं खरं होणार नाही. पण ते तिथे उभे होते, हे खरं आहे. काही जणांना वाटलं, माळ्याने आपली बाग सांभाळावी, राजकारणात कशाला पडावं? पण ज्याने आयुष्यभर लोकांना ‘माती जिवंत आहे’ म्हणून सांगितलं, त्याने आपल्याच खोऱ्याची वेळ आली तेव्हा घरात बसून गुलाबांना पाणी घातलं असतं, तर लोकांनी त्याच्या बोलण्यावर विश्वास का ठेवावा?

मागे काय राहिलं?

पीट आजोबा गेले तेव्हा ऑस्ट्रेलियात किती लोकांना घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं! लोकांनी आठवलं ते आपापलं परसू. कुणाच्या वडिलांनी त्यांचं ऐकून लावलेलं लिंबू, कुणाच्या आजीचा खताचा खड्डा. ‘गार्डनिंग ऑस्ट्रेलिया’ हा कार्यक्रम त्यांच्यामागेही दुसऱ्या माणसांनी चालू ठेवला. चांगल्या माळ्याचं असंच असतं. तो गेला तरी बाग थांबत नाही.

आता तुमच्याकडे घरामागे परसू नसेल. चाळीतली खिडकी असेल नाहीतर फ्लॅटची गॅलरी. काही बिघडत नाही! पत्र्याच्या छपरावर १५ इंच मातीत कोबी येऊ शकतो, तर कुंडीत मेथी का येणार नाही?

हे करून बघा. एक पसरट कुंडी किंवा फुटकं घमेलं घ्या. तळाला भोकं हवीतच, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. त्यात माती आणि जुनं शेणखत मिसळून भरा. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मूठभर मेथी आईला विचारून घ्या आणि रात्रभर भिजत घाला. सकाळी मातीवर पसरा, वर अर्धा इंच मातीचा थर द्या. झारीने किंवा भोकं पाडलेल्या डब्याने हलकेच पाणी शिंपडा. ऊन येईल अशा जागी ठेवा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतील, तीन-चार आठवड्यांत एका वेळची भाजी होईल.

भाजी उपटाल तेव्हा मुळं टाकून देऊ नका. आधी बारकाईने बघा. मेथीही वाटाण्याच्याच भावकीतली. नशीब असेल तर मुळांवर मोहरीहूनही लहान गाठी सापडतील. बघून झालं की मुळं परत मातीत पुरा. देठं, निवडलेली पिवळी पानं, वाळलेला पाला, सगळं त्याच मातीत. वर सुक्या पानांचं पांघरूण घाला आणि पंधरा दिवस विसरून जा. मग पुढचं बी पेरा.

पहिल्या खेपेला मेथी नीट आली नाही तर? उंदराने खाल्ली, मुंग्यांनी बी पळवलं, पाणी घालायचं राहून गेलं? तर परत मूठभर मेथी भिजत घाला. ज्यांच्या डोक्यावरून विमानं जात होती, त्यांनीसुद्धा परत परत पेरलंच होतं.

आणि हो, हात मातीत घालताना नखात माती जाईल म्हणून चेहरा वाकडा करू नका. जेवायच्या आधी साबणाने हात धुतले म्हणजे झालं!